वारीतल्या त्या मुलीचा प्रश्न: इरावतीबाई, आंबेडकर आणि माणसाकडे बघण्याचं शास्त्र

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

आषाढी जवळ आली की मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची ती व्याख्या सगळीकडे फिरू लागते: ज्याची माणसं पंढरपूरच्या वारीला जातात तो महाराष्ट्र. मलाही ती प्रिय आहे. पण 'वाटचाल' या त्याच लेखात आणखी जे लिहिलंय ते कुणी फिरवत नाही, आणि माझ्या मते लेखाचा जीव तिथे आहे.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इरावतीबाई एका दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत पायी गेल्या. दिंडी एकच, अभंग तेच, पण मुक्कामाला पंगती दोन. ब्राह्मणांचं जेवण वेगळं, मराठ्यांचं वेगळं. सगळे आंघोळ करून जेवणारे, सगळे स्वच्छ, मग हा वेगळेपणा कशासाठी, हा प्रश्न त्यांना रोज छळत होता. एकत्र चालायचं, एकत्र गायचं ते फक्त परलोकात एक होण्यासाठी आणि इथे वेगळंच राहायचं, असं आहे का? त्या दोन्ही पंगतींना जेवल्या. मराठा बायकांत जेवल्यावर त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, ताई म्हणू लागल्या, पुण्याला आलो की तुमच्याकडे येऊ म्हणाल्या. त्यावर एका तरुण मुलीनं विचारलं की आत्ता वागताय तशाच तेव्हाही वागाल ना?

बाईंच्या जिव्हारी लागला तो प्रश्न. त्यांनी तो लिहून ठेवला आणि छापला. हजारो वर्षं शेजारी राहूनही ही माणसं आमची झाली नाहीत आणि आम्ही त्यांचे झालो नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला.

मानवशास्त्र हा विषय ज्या वातावरणात वाढला त्यात ही गोष्ट साधी नव्हती. अभ्यास करणारा बघतो, मोजतो, लिहितो. ज्याचा अभ्यास होतो तो गप्प उभा राहतो, अशी रीत होती. इरावतीबाई स्वतः त्या रीतीत शिकल्या. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, नाव तिथल्या नदीवरून. पुण्यात हुजूरपागा, मग फर्ग्युसन, मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या ऑयगेन फिशरच्या संस्थेत. हा फिशर वंशश्रेष्ठतेचा मोठा पुरस्कर्ता. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी असमान असते आणि त्याच्या बुद्धीचं वरचढपण त्यात दिसतं, अशा तर्काचा पाठपुरावा तिथे चालला होता. इरावतीबाईंना विषय मिळाला तो हाच. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही. पंचविशीच्या आतली एक मराठी मुलगी, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध हे लिहिते. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

तरीही मला त्या मुलीचा प्रश्न या प्रबंधाहून मोठा वाटतो. मोजमापानं एक खोटं उघडं पडलं, हे खरंच. पण मोजणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची जागा कवटीला नसते. ती वारीतल्या मुलीला मिळाली, कारण बाई तिच्या शेजारी बसून जेवल्या होत्या. माणसाला केंद्रस्थानी ठेवणारं ज्ञान म्हणजे काय, हे मला या एका प्रसंगावरून कळतं.

तुमच्याकडून ऐकायचं आहे. धर्माचा अभ्यास धर्मात पाऊल टाकून करता येतो का? शाळेत आपण मुलांना आपल्याच समाजाकडे असं बघायला शिकवतो का? आणि इरावतीबाईंच्या नजरेतून काय निसटलं?

---

टाळकरी

कऱ्हाकाठ, लेख पुन्हा काढून वाचायला लावलात, माउली. आमच्या घरात वारी आजोबांपासून आहे, त्यामुळे बोलण्याचा हक्क घेतो.

पंगतीचं बाई लिहितात ते खरं आहे. आजोबा सांगायचे की कोरडा शिधा आपापला असायचा आणि कुणाच्या चुलीवर कोण बसणार हे सांगावं लागत नसे. आज आमच्या दिंडीत सगळ्यांनी भिशी भरायची आणि एकच स्वयंपाक. मागे पाण्याचा टँकर, सिलिंडरचा ट्रक, आचारी ठरलेले. हा बदल कुणी ठराव करून आणलेला नाही. माणसं वाढली, वेळ कमी झाला, वेगळ्या चुली परवडेनात. पण परवडेनात म्हणून का होईना, एका पातेल्यातलं खायला लागलो, हेही मी मोठं मानतो.

धर्मात पाऊल टाकून अभ्यास होतो का म्हणाल, तर वारीपुरतं मी म्हणेन की बाहेर उभं राहून होतच नाही. दिवे घाटाचा फोटो काढणाऱ्याला गर्दी दिसते. आत चालणाऱ्याला चोपदाराची काठी वर झाली की हजारो टाळ एका क्षणात कसे थांबतात ते दिसतं, आणि कुणाच्या दिंडीला रथापुढे मान आहे, कुणाला मागे, त्यावरून मनं कशी दुखावतात तेही दिसतं. एक गोष्ट मात्र धागाकर्त्यांनी लिहायला हवी होती. दलित वारकऱ्यांच्या दिंड्या माउलींच्या अश्वाच्याही पुढे, वेगळ्या चालायच्या. बाईंच्या दिंडीत दोन पंगती होत्या, पण ज्यांना त्या दिंडीतच जागा नव्हती त्यांची पंगत तिसरी.

---

भीमातीर

टाळकरी यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे.

मराठी माणूस आणि मानवशास्त्र म्हटलं की सगळे इरावतीबाईंपासून सुरुवात करतात. त्यांच्या बर्लिनच्या १२ वर्षं आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात एका विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींची घडण, उगम आणि वाढ यांवर निबंध वाचला. वय २५. नाव भीमराव आंबेडकर. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

त्या निबंधाचं मोल आपल्याकडे अजून नीट ओळखलं गेलेलं नाही. जातीवर लिहिणाऱ्या रिस्ले, सेनार, नेसफील्ड या अभ्यासकांच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर यांनी अमेरिकेतच जातीवर प्रबंध लिहिला होता. त्यांच्या व्याख्येची दखल आदरानं घेऊन तीही दुरुस्त करतात. मग मुद्दा मांडतात: जातीचा गाभा सोवळंओवळं नाही, धंदा नाही, जातीबाहेर लग्न न करणं हा गाभा आहे. आपल्या समाजात गोत्र-कुळाबाहेर लग्न करण्याची चाल आधीपासून होती, तिच्यावर जातीच्या आत लग्न करण्याची सक्ती बसवली गेली आणि त्यातून जात घडली.

आता यातलं विलक्षण पाऊल बघा. गटाला आतल्या आत लग्नं लावायची असतील तर स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहायला हवी. नवरा मेला की एक बाई जास्त होते. तिचं काय करायचं? एक तर तिला सती घालवायचं, नाही तर विधवा म्हणून कोंडायचं. बायको मेली की एक पुरुष जास्त होतो. त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. मग त्याच्यावर ब्रह्मचर्य लादा किंवा खालच्या वयोगटातली, अजून लग्नाची न झालेली मुलगी त्याला द्या. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली शास्त्रकारांनी गोड शब्दांत गौरवल्या, पण त्या आल्या या हिशेबातून. जात टिकते ती बाईच्या देहावर पहारा ठेवून, हे १९१६ साली सांगितलं गेलं.

इरावतीबाईंनी जातीला विस्तारलेला नातेसमूह म्हटलं. महाराष्ट्रात कुंभार म्हणवणारे अनेक गट आहेत, त्यांची चाकं वेगळी, घडवण्याची पद्धत वेगळी, आपसांत लग्नं नाहीत. म्हणजे एका कुंभार जातीचे तुकडे झाले नसून वेगवेगळे गट एका नावाखाली आले, असा त्यांचा पुरावा. निरीक्षण अव्वल. पण गट शेजारी शेजारी कसे राहिले हे त्या जितक्या तपशिलात सांगतात, तितक्या तपशिलात कोण कुणाच्या डोक्यावर बसलं होतं हे सांगत नाहीत. जे निसटलं ते हे, असं मला वाटतं.

---

बर्लिनकर

मी नोकरीनिमित्त इथे राहतो, म्हणून फिशरच्या संस्थेबद्दल थोडी भर.

संस्थेची इमारत डाह्लेम भागात, इनेश्ट्रासं २२ इथे आजही उभी आहे आणि आता ती फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. मानवशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजनन यांसाठीची ही कैझर विल्हेल्म संस्था १९२७ मध्ये सुरू झाली. म्हणजे इरावतीबाई आल्या तेव्हा ती अगदी नवी होती. फिशरचं नाव झालं होतं ते नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या लोकांच्या पाहणीवरून, जर्मन वसाहतीच्या काळातलं काम ते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर तो बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९४२ पासून संस्था फेर्शुअर या शास्त्रज्ञाकडे गेली आणि फेर्शुअरचा शिष्य मेंगेले आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून मानवी अवयव इथे पाठवत राहिला.

२०१४ मध्ये या इमारतीजवळ बांधकाम चालू असताना माणसांची हाडं सापडली. नंतर पद्धतशीर उत्खनन झालं, पुष्कळ अवशेष निघाले. त्यात वसाहतींमधून आणलेल्या संग्रहातली हाडं असावीत असं तज्ज्ञांचं मत पडलं. कुणाची ते ठरवण्यासाठी आणखी चाचण्या न करता २०२३ मध्ये त्यांचं इथल्याच दफनभूमीत सन्मानानं दफन केलं. अभ्यास पुढे न नेण्याचा हा निर्णय बाधित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून घेतला गेला.

कऱ्हाकाठ, तुम्ही म्हणता की कवटीला उलट प्रश्न विचारता येत नाही. इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्यांत पूर्व आफ्रिकेतून, जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. त्या कुणी, कशा, कुणाच्या परवानगीनं आणल्या, हा प्रश्न तेव्हा कुठल्याच प्रबंधात विचारला जात नव्हता. निष्कर्ष माणुसकीच्या बाजूनं निघाला तरी साधनं कुठून आली, हे विचारावंच लागतं.

---

विवेकवेध

चर्चा चांगली आहे, पण मला मूळ भूमिकाच खटकते. प्रत्येक चालीला 'त्या संस्कृतीत तिचा काही अर्थ आहे' म्हणत राहायचं, ही मानवशास्त्राची सवय माणसाच्या मुळावर येते. अर्थ सगळ्याला असतो. भानामतीलाही असतो, देवदासी सोडण्यालाही असतो. डॉ. दाभोलकरांनी आयुष्य घातलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा कुठे राज्यात जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला. समजून घेण्यात आणि समर्थन करण्यात जी रेघ आहे ती कोण ओढणार? मानवतावाद धर्माबाहेर उभा राहतो, आत नाही.

---

कऱ्हाकाठ

विवेकवेध, रेघ ओढायलाच हवी, यात दुमत नाही. पण ती फक्त बाहेरूनच ओढता येते, हे महाराष्ट्राच्या अनुभवाला धरून नाही.

१ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून. दहाव्या दिवशी उपोषण सुटलं, मंदिर उघडलं. गुरुजी देव मानणारे होते. विठ्ठल आपला आहे म्हणूनच त्याच्या दारावरची बंदी त्यांना सोसवेना. दुसरीकडे बाबासाहेबांनी हे दारच सोडलं आणि १९५६ मध्ये नागपूरला बुद्धाचा मार्ग घेतला. तोही धर्मच, पण माणसाच्या विवेकाला प्रमाण मानणारा धर्म म्हणून निवडलेला. एकानं आत राहून दार उघडलं, दुसऱ्यानं बाहेर जाऊन नवं घर बांधलं. दोघांनाही धर्म आतून ठाऊक होता, म्हणूनच दुखणं नेमकं कुठे आहे हे त्यांना कळलं.

त्याच मंदिराबद्दल आणखी एक. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा राज्याचा कायदा १९७३ चा. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल २०१४ मध्ये आला. मधली ४१ वर्षं बघितली की धर्मसंस्थेत बदल किती हळू होतो हे समजतं. कुणाचे काय हक्क, कुठल्या पूजेचं उत्पन्न कुणाचं, मान कुणाचा, हे बारकाईनं माहीत असल्याशिवाय त्यावर कायदाही धड करता येत नाही. समजून घेण्याचा उपयोग मला इथे दिसतो.

भीमातीर, बर्लिनकर, तुमच्या दोन्ही मुद्द्यांनी मूळ लेखात भर पडली. सती आणि वैधव्याचा हिशेब वाचून सुन्न व्हायला होतं. इरावतीबाईंचे सासरे महर्षी कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं, हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ सालीच महिला विद्यापीठ सुरू केलं. त्याच वर्षी सातासमुद्रापार बाबासाहेब वैधव्याचं मूळ जातीच्या रचनेत दाखवत होते.

---

फळाखडू

शिक्षणाचा प्रश्न विचारलात म्हणून लिहिते. मी सोलापूर भागात माध्यमिक शाळेत शिकवते. इथल्या वर्गात घरची भाषा मराठी, कन्नड, तेलुगू अशी तिन्ही असते. पुस्तकात 'कुटुंब', 'समाज', 'संस्कृती' असे धडे असतात, पण ते सगळ्यांना एकच कुटुंब असल्यासारखे लिहिलेले.

मी नववीच्या मुलांना नात्यांचा तक्ता काढायला लावते. आई, वडील, मामा, आत्या, काका, आणि कुणाचं लग्न कुणाशी होऊ शकतं. गंमत वाटावी असा हा तास हळूहळू फार गंभीर होतो. मराठी घरातला मुलगा सांगतो, मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. तेलुगू घरातली मुलगी सांगते, आमच्यात आत्याचा मुलगाही चालतो, मामाचाही, आणि काही घरांत तर सख्खा मामाच नवरा. वर्ग हसतो. मग मी फळ्यावर भारताचा नकाशा काढते आणि इरावतीबाईंनी १९५३ च्या ग्रंथात नातेव्यवस्थेचे जे विभाग पाडले ते दाखवते. उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीणच, तिच्याशी लग्नाचा विचारही पाप. गावातल्या गावातही सोयरीक नाही. दक्षिणेत लेक नात्यातच दिली जाते, सासू ही बहुधा आत्याच असते. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, थोडं इकडचं थोडं तिकडचं. मामाशी लग्नाला हसणारा जेव्हा ऐकतो की त्याचं स्वतःचं घर उत्तरेतल्या माणसाला तितकंच विचित्र वाटेल, तेव्हा हसू आपोआप थांबतं. धर्मावरच्या भाषणानं जे होत नाही ते या तक्त्यानं होतं.

पण लगेच दुसरी अडचण येते, आणि विवेकवेध यांची रेघ तिथेच ओढावी लागते. एकीनं विचारलं, बाई, मामाशी लग्न ही आमची रीत आहे ना, मग माझं यंदाच ठरवतायत तेही रीतच? तिला मी कायदा सांगितला, मुलीचं वय १८ पूर्ण असल्याशिवाय लग्न गुन्हा आहे हे सांगितलं, आणि घरी जाऊन बोलले. नातं कुणाशी जुळावं याबद्दल माझं मत मी सांगत नाही. नववीतल्या मुलीनं शाळा सोडू नये, याबद्दल माझं मत ठाम आहे आणि मी ते रीतीच्या आड लपवणार नाही.

आणखी एक पथ्य. तक्ता भरताना जात विचारायची नाही, कुणी सांगितली तर फळ्यावर लिहायची नाही. मुलं एकमेकांची जात ओळखतातच, पण शिक्षिकेच्या खडूनं ती लिहिली गेली की तिला वेगळं वजन येतं.

---

जनी

एवढ्या चर्चेत बायका अभ्यासाचा विषय म्हणून आल्या. जाणत्या म्हणूनही त्यांची नोंद हवी.

पुण्यातून हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. प्वातव्हँ फ्रान्सचे, आधी कॅथलिक धर्मगुरू, मग इथलेच झाले. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आणि आज त्या ऐकायलाही मिळतात. गाणाऱ्या बहुतेक बायका शाळेत न गेलेल्या. विठ्ठल त्यांच्या ओवीत माहेरचा माणूस असतो, रखुमाई रुसलेली असते, आणि सीतेच्या वनवासाबद्दल त्या रामाला जाब विचारतात. काही बायकांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धावर ओव्या रचल्या, त्याच जात्यावर, त्याच चालीत.

माझ्या आजीला सही करता येत नव्हती आणि ओव्या मात्र पहाटभर पुरतील इतक्या येत होत्या. पिठाची गिरणी गावात आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ते गाणंही थांबलं. तिचं कष्टाचं दळण सुटलं याचा आनंदच आहे. पण शाळेत आम्हाला आजीकडून काही लिहून आणा असं एकाही इयत्तेत कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही तिला अडाणी समजत राहिलो.

टाळकरी, एक विचारते. भिशी भरून एक स्वयंपाक होतो म्हणालात. आचारी ठेवण्याआधी तो कोण करायचं? दिवसभर चालून आल्यावर चूल पेटवायची ती बाईनंच ना?

---

टाळकरी

जनीताई, बाईनंच. आजही अनेक लहान दिंड्यांत भाकऱ्या बायकाच थापतात, पुरुष हरिपाठाला बसतात. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईच्या पाया पडतो आम्ही आणि संध्याकाळी तिच्याच हातात परात देतो. या वर्षी आमच्या दिंडीच्या बैठकीत हा विषय मी काढणार आहे. बायकांना हरिपाठाला बसता यावं म्हणून भाकऱ्यांची पाळी पुरुषांनीही घ्यावी, एवढं साधं मागणं आहे. विरोध होईल, पण दोघे-तिघे बरोबर आहेत.

---

कऱ्हाकाठ

टाळकरी, बैठकीत काय झालं ते इथे नक्की लिहा.

फळाखडू, तुमच्या तक्त्याच्या तासाबद्दल स्वतंत्र धागा काढाल का? जात न विचारण्याचं पथ्य आणि घरी जाऊन बोलणं, या दोन्ही गोष्टी इतर शिक्षकांपर्यंत जायला हव्यात.

आणि ज्यांच्या घरात वारी आहे त्या सगळ्यांना विनंती: वडीलधाऱ्यांना विचारून इथे नोंदवा की तुमच्या दिंडीत पंगत एक कधी झाली, कशामुळे झाली, आणि अजून झाली नसेल तर कोण वेगळं बसतं. वर्ष नेमकं आठवत नसेल तर दुष्काळ, धरण, एखादी निवडणूक अशी खूण चालेल. नावं लिहू नका. तालुका आणि दिंडीचा मार्ग पुरे.